पाहुणे नसताना सराफ्यात जायचं तर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई 56 वर्षांच्या आहेत. जन्म इंदूरचा, सासरही इंदूरचंच. राहायला सुदामा नगरच्या बाजूला. सकाळच्या शाळेत शिक्षिका होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. त्याबद्दल त्या लिहितात, "सराफ्यात मी गेले ती पाहुणे आले की. पुण्याची नणंद आली, नागपूरचे दीर आले, व्याही आले, त्यांना फिरवायचं म्हणून. आपण होऊन कधीच नाही." त्यांच्या दोन मैत्रिणी आहेत. एक शेजारीण, तिचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. दुसरी शाळेतली सहकारी, लग्न न केलेली. या दोघी महिन्यातून एखाद्या रात्री सराफ्यात, राजवाड्यावर चक्कर मारून येतात आणि ताईंनाही बोलावतात. ताईंचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, साडेनऊला झोपणारे. "जायचंय तर मी नेतो ना," असं म्हणतात. एकदा नेलं, तर ठेल्यासमोर उभं राहून घड्याळ बघत बसले. मैत्रिणींबरोबर जाते म्हटलं की, "रात्री-बेरात्री तीन बायका? त्या दोघींचं ठीक आहे, त्यांना विचारणारं कोणी नाही." आणि पुण्यात नोकरी करणारी 29 वर्षांची लेक फोनवर हसून म्हणाली, "आई, तुला मी साडेआठच्या आत घरात हवी असायचे!"

ताईंचे प्रश्न असे: या वयात असा हट्ट बरा दिसतो का? भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे असं सांगून एकदा जाऊन यावं का? आणि मुलीला ज्यासाठी अडवलं, तेच आपण कोणत्या तोंडाने करायचं?

ताई,

आधी भजनी मंडळाचं मिटवून टाकू. ते नाव सांगून जाऊ नका. खोटं बोलणं वाईट, वगैरे तुम्ही तीस वर्षं वर्गात सांगितलं असेल, ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझा मुद्दा व्यवहाराचा आहे. खोटं सांगून बाहेर पडलेल्या बाईचा ठावठिकाणा घरात कोणालाच ठाऊक नसतो. रात्री अकराला पाय मुरगळला, पर्स गेली, मोबाईल बंद पडला, तर घरी कळवायचं काय? तुम्ही राजवाड्याच्या मागे आणि यजमान देवळात शोधतायत, असं व्हायला नको. शिवाय एकदा पचलं की पुढच्या महिन्यात हरिपाठ, त्याच्या पुढच्या महिन्यात गीतापठण. भुट्ट्याच्या किसासाठी एवढं पुण्य खर्च करू नका.

आता हट्टाकडे येते. तुम्ही याला हट्ट म्हणताय, कारण जाण्यासाठी तुमच्याकडे 'कारण' नाही. पाहुणे हे कारण होतं. आपल्या शहरात बायका रात्री बाहेर नसतात असं थोडंच आहे? अनंत चतुर्दशीची रात्र आठवा. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, बाकीच्या मिलांचे भोंगेही थांबले, तरी मिल-मजुरांच्या गणेशोत्सव समित्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, काढतातच, आणि त्या बघायला अख्खं शहर जेल रोडवर, एम. जी. रोडवर, राजवाड्यावर लोटतं. बायका फुटपाथवर चटई टाकून, पोरांना मांडीवर झोपवून, पुरी-भाजीचा डबा उघडून पहाटेपर्यंत बसलेल्या असतात. तुम्हीही बसला असाल. तेव्हा कोणी म्हणालं, रात्री-बेरात्री बायका? हरतालिकेचं जागरण, मंगळागौरीचे खेळ, कोजागिरीला गच्चीवर आटणारं दूध, यांत मध्यरात्र कधी उलटते ते कळतही नाही आणि कोणाला खटकतही नाही. आणखी एक बघा. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते मुख्य रस्ते रात्री झाडून निघतात म्हणूनही. झाडणाऱ्यांत बायका आहेत. एम. वाय. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीच्या नर्स आहेत. त्यांच्या रात्रीला आपण हरकत घेत नाही, कारण तिला पगार जोडलेला आहे.

म्हणजे देव, पाहुणे आणि नोकरी, या तिघांसाठी रात्र खुली आहे. 'मला जावंसं वाटलं' हे चौथं कारण तेवढं आपल्या घरांना पटत नाही. तुम्हालाही अजून पटलेलं नाही, असं पत्र वाचून वाटलं. नाहीतर वयाची आड तुम्ही स्वतःच घातली नसती. वयाचं म्हणाल तर सकाळची शाळा म्हणजे पहाटे साडेपाचला कुकर आणि रात्री दहाला अंथरूण. इतकी वर्षं तुमच्याजवळ रात्र होतीच कुठे? ती निवृत्तीनंतर मिळाली आहे, फंडाच्या पैशांबरोबर. तिचं काय करायचं हे ठरवायला 56 हे चांगलं वय आहे. मुलं मोठी झालीत, गुडघे अजून साथ देतायत.

भीतीबद्दल मात्र मी घाईने बोलणार नाही. भीती खोटी नाही, पण ढोबळ आहे. 'रात्र', 'तीन बायका', 'आजकालचं वातावरण' असं सगळं एका गाठोड्यात बांधलं की त्यावर काही करता येत नाही. गाठोडं सोडून एकेक वस्तू बाहेर काढली की निम्म्या गोष्टींवर उपाय असतो आणि उरलेल्यांतल्या काहींना उपायाची गरजच नसते.

सराफाच घ्या. दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या. रात्री आठ-नऊला त्यांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांपुढे कढया, तवे, परातींचे ठेले लागतात ते मध्यरात्र उलटेपर्यंत. जुनी माणसं सांगतात की सराफांनीच या ठेल्यांना आपल्या दारात जागा दिली. रात्री उजेड आणि वर्दळ असली की पेढ्यांची राखण फुकटात होते. हे किती खरं ते सोडा, पण हिशोब पटण्यासारखा आहे. ज्या गर्दीच्या भरवशावर लोकांनी सोनं सोडलं, तिथे हातात दोना घेतलेल्या तीन बायकांना काय होणार आहे? सगळीकडे कुटुंबं, बाबागाडीतली पोरं, गुडघे धरून ओट्यावर टेकलेल्या आज्या. तिथला खरा त्रास बाई-पुरुष बघत नाही: गल्ली अरुंद, गॅसच्या टाक्या, आणि शनिवार-रविवारची रेटारेटी. त्यावरून सराफ, ठेलेवाले आणि महापालिका यांच्यात वाद चालत आलाय तो उगाच नाही. यावर उपाय सोपा आहे, आठवड्याच्या मधला वार धरा. मंगळवार ते गुरुवार सराफा निवांत असतो. निवांत म्हणजे इंदूरच्या मानाने.

यजमानांच्या डोळ्यांपुढे बहुधा वेगळंच चित्र असावं. 2022 मध्ये बीआरटीएस या खास बसमार्गाच्या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची परवानगी मिळाली होती. मग नशेत घातलेला धिंगाणा, मारामाऱ्या, रस्त्यातली भांडणं यांच्या तक्रारी आल्या आणि 2024 मध्ये ती परवानगी मागे घेतली गेली. तेव्हाचे व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर फिरले. 'इंदूर रात्रीचं बिघडलंय' हे वाक्य पुष्कळ घरांत तिथून आलं. ते साफ खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण त्या रस्त्यावरच्या रात्री दोनच्या भांडणाचा सराफ्यातल्या साडेदहाच्या रबडीशी काय संबंध? यजमानांना विचारा, तुम्ही कोणत्या रस्त्याबद्दल बोलताय आणि किती वाजताच्या. हा प्रश्न टोमणा म्हणून विचारू नका, खरोखर विचारा.

मला विचाराल तर काळजी करण्यासारखी जागा सराफा नव्हेच, घरी परतायचा रस्ता आहे. राजवाड्याहून महूनाका, फूटी कोठी करत तुमच्या बाजूला येताना रस्ता मोकळा दिसतो, आणि मोकळा दिसतो म्हणूनच लोक गाडी भरधाव सोडतात. त्यात काही प्यायलेले. सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. कॉलनीच्या तोंडाशी कुत्र्यांची टोळी असते, ती दुचाकीच्या मागे लागते आणि घाबरून हँडल वळवलं की आपण आडवे. तेव्हा दोन ठरावीक गोष्टी: एका स्कूटीवर तिघी नाही, आणि पहिल्या काही वेळा स्कूटीच नाही. अॅपवरून गाडी मागवा. तिघींत भाडं वाटलं तर एका प्लेट खोपरा पॅटिसहून फार जास्त पडणार नाही. गाडीचा नंबर अॅपवरच्या नंबराशी जुळवूनच बसा, प्रवास कोणाला तरी शेअर करा, आणि 112 हा नंबर तिघींच्याही फोनमध्ये वरच असू द्या. शक्य असेल तर तिघी एकाच दारात उतरा, म्हणजे शेवटचं गल्लीतलं अंतर एकटीने कापायला लागणार नाही. मैत्रिणी आधीपासून जात आहेत, तेव्हा त्यांची यातली काही घडी बसलेली असेल. ती आधी विचारून घ्या.

आता यजमान. पत्रात तुम्ही त्यांना खलनायक केलेलं नाही, हे मला आवडलं. "मी नेतो ना" यात माया आहे. पण त्या मायेत तुम्ही पुन्हा पाहुण्याच होता: कोणीतरी नेणार, कोणीतरी दाखवणार, कोणीतरी "चला आता" म्हणणार. आणि घड्याळ बघणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून मालपुआ घशाखाली उतरतो का?

तुम्ही आजवर त्यांना "जाऊ का?" असं विचारत आला असाल. या प्रश्नाने समोरच्याची पंचाईत होते. हो म्हटलं आणि काही झालं, तर जबाबदारी त्यांची. नाही म्हटलं तर काहीच होत नाही, सगळं सुखरूप. कोणीही शहाणा माणूस नाहीच म्हणेल. बँकेत आयुष्य गेलेला तर नक्कीच. म्हणून परवानगीचा भार त्यांच्यावर टाकूच नका. सांगा. "गुरुवारी रात्री मी या दोघींबरोबर सराफ्यात जाणार आहे. साडेनऊला निघू, साडेबाराच्या आत घरी. जाता-येता गाडी आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, तुम्ही झोपा." एवढंच, आणि बुधवारी सकाळी, चहाच्या वेळी. ऐन गुरुवारी साडी बदलताना सांगितलंत तर तो निरोप न होता धक्का होईल.

ते चिडले तर एकदा शांतपणे विचारा, "तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते?" आणि मग बोलू नका. हे शिक्षकांना जड जातं, तरी बोलू नका. उत्तर 'रस्ता' असेल, तर गाडीची सोय दाखवा. उत्तर 'लोक' असेल, तर कोण लोक ते विचारा; बहुतेक वेळा ती यादी एक-दोन नावांपलीकडे जात नाही आणि त्या नावांनाही अकरा वाजता तुमच्या फाटकाकडे बघायला वेळ नसतो. पण कदाचित तिसरंच काही निघेल. निवृत्त माणसाला बायको घरात असण्याची फार सवय झालेली असते. रात्री जाग आली आणि शेजारी कोणी नाही, ही कल्पना एकसष्ट-बासष्टच्या पुरुषाला कबूल करता येत नाही, म्हणून तो तिला 'सुरक्षितता' म्हणतो. तसं असेल तर रागावू नका. पोहोचल्यावर एक मेसेज, निघताना एक. तेवढ्याने बरंच भागतं.

दोन दिवस अबोला धरतील, तर धरू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा रोजच्याच वेळी, रोजच्याच साखरेचा. अपराध्यासारखा शिरा करायला जाऊ नका. शिरा केलात की गुन्हा कबूल केलात.

हे सगळं मी अशा घराबद्दल लिहितेय जिथे भांडण म्हणजे अबोला आणि आदळलेलं पातेलं. हे वाचणाऱ्या काही जणींच्या घरात भांडण तिथे थांबत नाही, हात उठतो. त्यांना माझा वरचा सल्ला लागू नाही. "सांगा, विचारू नका" हा प्रयोग त्यांनी या सदराच्या भरवशावर करू नये. त्यांचा प्रश्न सराफ्याचा नाहीच. विश्वासातल्या एका माणसाला सांगणं आणि जिल्ह्याच्या वन स्टॉप सेंटरची मदत घेणं ही तिथली पहिली पायरी आहे.

मैत्रिणींबद्दलचं ते वाक्य, "त्यांना विचारणारं कोणी नाही", मला बोचलं, आणि तुम्हालाही बोचलं असणार, नाहीतर जसंच्या तसं लिहिलं नसतं. त्याचा अर्थ लावून बघा. नवरा गेला किंवा केलाच नाही, तर बाई रात्री बाहेर जायला मोकळी. नवरा आहे म्हणून तुम्ही अडकलेल्या. यजमानांना असं म्हणायचं नसेल, पण झालं तसं. वस्तुस्थिती बहुधा उलटी आहे. त्या दोघी एकमेकींना घरी पोहोचेपर्यंत फोन करत असतील, दुखलं-खुपलं विचारत असतील. त्यांची काळजी घेणारं माणूस त्यांनी स्वतः जोडलंय. यजमानांना त्या दोघींना एकदा संध्याकाळी चहाला बोलावून भेटवा. ज्या बायकांबद्दल माणूस असं सैल बोलतो, त्यांच्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवायची वेळ आली की जीभ आपोआप सावरते.

लेकीचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तिथे तुमचं खरं दुखणं आहे. तुम्ही तेव्हा चुकलात की बरोबर होतात, याचा निवाडा मी करणार नाही. हिशोब मात्र करून बघितला. ती आज 29 ची, म्हणजे डिसेंबर 2012 मध्ये, दिल्लीच्या बसमधली ती घटना घडली तेव्हा, दहावी-अकरावीत असेल. त्या हिवाळ्यात किती घरांतल्या मुलींच्या वेळा अलीकडे ओढल्या गेल्या ते आठवा. एकट्या तुम्हीच कडक होतात असं नाही. तरी साडेआठ हा आकडा कुठून आला, हा प्रश्न उरतोच. तो तुमच्या आईच्या दिवेलागणीतून आला असावा, थोडा सैल करून. तुम्ही तिला कधी यायचं ते शिकवलंत. कसं जायचं, कुठे थांबायचं, कोणाला कळवायचं, कोणता रस्ता टाळायचा, हे शिकवलं नाहीत, कारण तुम्हालाही ते कोणी शिकवलेलं नव्हतं. ते तिने पुण्यात स्वतःचं स्वतः शिकून घेतलं.

मग तिच्याकडूनच शिका. फोन करून माफीचा समारंभ करायला जाऊ नका. तिलाही अवघडल्यासारखं होईल. सरळ म्हणा, "गुरुवारी मी सराफ्यात चाललेय. ते लोकेशन पाठवायचं मला सांग." ती आधी हसेल. मग व्हिडिओ कॉलवर तुमच्या मोबाईलची एकेक सेटिंग बघेल, गाडीचा नंबर मागेल, पॉवर बँक घे म्हणेल. आणि त्या रात्री साडेबारापर्यंत जागी राहून "पोहोचलीस का?" असं दोनदा विचारेल. साडेआठच्या नियमामागे आईच्या पोटात काय होत होतं ते तिला त्या रात्री, न सांगता, थोडंफार कळेल. तुमच्या दोघींचं बोलणं त्यानंतर झालं तर जास्त बरं होईल.

पहिल्या फेरीसाठी एक सुचवते. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकांना तुम्ही जात असाल, निदान मैत्रिणी जात असतील. खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात रात्रीचा प्रयोग सुटतो तेव्हा दहा वाजून गेलेले असतात आणि बाहेर पडणाऱ्यांत निम्म्या बायका असतात, कितीतरी तुमच्याच वयाच्या. त्या वेळेला तुम्ही घराबाहेर असण्याची यजमानांना सवय असेल. नाटक म्हटलं की मराठी माणूस दहाचे साडेदहा करू देतो. तर एखाद्या नाटकानंतर घराकडे न वळता भंवरकुआमार्गे थेट राजवाडा गाठा. अंगावर बरी साडी असते, बोलायला नाटक असतं, आणि घरून मुद्दाम रात्री साडेनऊला निघण्याचा तो अवघड क्षण टळतो. फक्त नाटकं शनिवार-रविवारी असतात, म्हणजे गर्दी मिळेल. तेवढं पहिल्या वेळी चालवून घ्या, पुढे आपला वार शोधा. आणि यजमानांना आधीच सांगा की नाटक झाल्यावर सराफ्यात जाणार. नाहीतर ते पुन्हा भजनच झालं.

जेवून जायचं की उपाशी, यावर इंदुरात घराघरांत मतभेद आहेत. मी अर्धं जेवून जावं या मताची आहे. पन्नाशीनंतर रात्री अकराला रिकाम्या पोटी मुगाची भजी म्हणजे पहाटे तीनला गच्चीवर येरझारा. एक प्लेट तिघींत, आणि गोड शेवटी. साखरेचा त्रास असेल तर जलेब्याला लांबून नमस्कार. थंडी पडली असेल तर गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, चुकवू नका. तुकडे एकदा तळून काढलेले असतात. तुम्ही मागितलेत की तो ते तव्याच्या कडेला बारीक कापतो, पुन्हा तेलात टाकतो, कडा लालसर कुरकुरीत झाल्या की लिंबू पिळून वर जीरावन मसाला भुरभुरतो, आणि आत गर मात्र मऊच राहतो. हे घरी करायला जाऊ नका, हाताला खाज सुटते आणि ती चवही येत नाही. जोशींच्या दहीवड्यासमोर दोना हवेत उडवून झेलण्याचा खेळ चालतो. तिथे सगळ्यांची मान वर असते, तुमचा हात पर्सवर असू द्या. अंगावर मोठे दागिने नकोत, दिवसा जिथे ते मिळतात तिथे रात्री मिरवायची गरज नाही. आणि बायकांच्या सहलीत ज्यावर कोणी बोलत नाही ते: राजवाड्याच्या आसपास रात्री कोणतं स्वच्छतागृह उघडं आणि बरं असतं, ते मैत्रिणींना निघण्याआधी विचारा. या एका गोष्टीपायी बायका पाणी न पिता फिरतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. कोचिंगसाठी भंवरकुआच्या बाजूला राहणाऱ्या मुलींनो, तुमच्या वसतिगृहाचं दार दहाला बंद होत असेल तर 'थोडा उशीर झाला' म्हणून रस्त्यात ताटकळण्यापेक्षा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत संध्याकाळीच जाऊन या. तिथली मजा उजेडातही तितकीच आहे. दार उशिरा उघडं हवं असेल तर एकेकीने भांडू नका, चौघी-पाचजणी मिळून महिन्यातला एक दिवस मागा आणि कोण कधी येणार ते कागदावर लिहून द्या. मालकिणीला मुलींच्या उशिरापेक्षा रात्री कोण बाहेर आहे हे न कळण्याची धास्ती जास्त असते. ज्यांना मैत्रिणी नाहीत आणि एकटीनेच जावंसं वाटतं, त्यांनी लवकर जावं, नऊच्या सुमाराला, ठेले लागत असताना. आणि जे पुरुष हे वाचतायत, त्यांच्यापैकी कोणाची बायको रात्री मैत्रिणींबरोबर गेलीच, तर अर्ध्या तासाने फोन करून "किती वेळ?" विचारू नका. ती गाडीत असेल तर घाईघाईत पर्स उघडेल, ठेल्यासमोर असेल तर खाणं गार होईल.

ताई, तुमच्या कॉलनीचं फाटक रात्री अकराला बंद होत असेल, तर चौकीदाराला आधी सांगून ठेवा. आणि निघायच्या दिवशी, सगळं ठरल्यावर, यजमान अचानक "चला, मीही येतो" म्हणून पायात चप्पल सरकवून उभे राहिले, तर? असं होण्याची शक्यता बरीच आहे. विरघळू नका. त्यांना पुढच्या आठवड्याचा वार द्या, त्या दिवशी दोघंच जा, आणि घड्याळ घरी ठेवायला लावा. हा गुरुवार मात्र मैत्रिणींबरोबरच.